छेदात कोण आहे?

‘फेसबुक, ट्विटरकडे बघा. तिथं साहेबाच्या मर्जीवर काही चालत नाही, सगळा कारभार डॅशबोर्डवर, म्हणजे आकडे-आलेखांच्या पडद्यावर. आकडे खोटं बोलत नाहीत, चूक लगेच दिसते, टार्गेट गाठलं की कामगिरी सुधारलीच.’ हा मेसेज ऑफिसच्या ग्रुपवर या महिन्यात तिसऱ्यांदा आला. माझं पोटच रिपोर्ट बनवण्यावर आहे, म्हणून एकेक वाक्य घेतो.

‘आकडे खोटं बोलत नाहीत.’ बरं. सप्टेंबर २०१६ मध्ये फेसबुकने कबूल केलं की लोक व्हिडिओ सरासरी किती वेळ पाहतात, हा आकडा दोन वर्षं फुगलेला होता. चूक शाळकरी भागाकाराची. समजा, व्हिडिओ १० जणांसमोर सुरू झाला. चौघांनी एका सेकंदात पुढे सरकवला, सहा जणांनी १० सेकंद पाहिला. एकूण ६४ सेकंद, भागिले १०, सरासरी ६.४. फेसबुक छेदात ३ सेकंद टिकलेलेच धरायचं. ६४ भागिले ६, म्हणजे जवळजवळ १०.७. बेरीज चोख, छेद चुकलेला. जाहिरातदार कोर्टात गेले. २०१९ मध्ये ४ कोटी डॉलरवर मिटलं.

‘चूक लगेच दिसते.’ ट्विटरने ऑक्टोबर २०१७ मध्ये सांगितलं की २०१४ च्या अखेरपासून मासिक वापरकर्ते जास्त मोजले जात होते; त्याआधीच्या तीन तिमाहींत फरक १०-२० लाखांचा. पुढे मोजमाप बदललं, मासिकऐवजी रोजचे वापरकर्ते आले. एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा तीच कबुली: एकाच माणसाची जोडलेली खाती वेगवेगळी मोजली जात होती, तीन वर्षं. आलेख खाली गेला की रात्री अकरालाही फोन येतो. वर गेला की क्वेरी (आकडा काढणारी आज्ञा) उघडून बघायला कुणाला सवड नसते.

‘टार्गेट गाठलं की कामगिरी सुधारली.’ २०१७ पासून फेसबुकच्या फीडमध्ये इमोजीला लाइकच्या पाचपट वजन होतं, रागाच्या लाल चेहऱ्यालासुद्धा. लोक चिडले की पोस्ट वर. रागाचा इमोजी ओढणाऱ्या पोस्टींत खोटी माहिती आणि विखार जास्त, हे कंपनीच्याच डेटा सायंटिस्टांनी २०१९ मध्ये दाखवलं. (म्हणजे शोधलं आकड्यांनीच, हे मान्य.) तरी रागाच्या इमोजीचं वजन शून्यावर यायला सप्टेंबर २०२० उजाडला. ‘पाचपट’ कुठल्या डॅशबोर्डातून आलं नव्हतं, माणसांनी ठरवलं होतं. साहेबाची मर्जी तिथंही आहे, फॉर्म्युल्यात बसलेली.

आणि आपल्या सोमवारच्या रिपोर्टातले ‘अ‍ॅक्टिव्ह’ ग्राहक? मेल उघडला ते, की नुसता पोचला ते? हे शोधायला मला गेल्या वर्षी दोन दिवस लागले.

पोचला, ते.