दर्यात पडलं म्हणजे पुरावा बुडाला?

गेले काही दिवस मालवणपासून हर्णैपर्यंत ग्रुपाग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: “छोट्या विमानात ब्लॅक बॉक्स नसतो. ते समुद्रात पडलं की पुरावा मिठासारखा विरघळतो. सांगाडा वर काढत नाहीत, कारण दडपायचं असतं. मच्छीमारांनी आग पाहिली म्हणजे घातपातच. शेवटी वैमानिकाची चूक म्हणायचं आणि फाईल बंद.” आमच्या तात्यांनीही तो पाठवला, वर “दर्यात पडला ता गेला” अशी पुस्ती जोडून. तात्यांचा अर्धा जन्म बोटीवर गेलाय, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

ब्लॅक बॉक्सचं म्हणणं बरंचसं खरं. लहान विमानात तो बहुधा नसतोच. पण पुढचं सगळं घसरलंय. २१ जानेवारी २०१९ च्या रात्री फुटबॉलपटू एमिलियानो साला याला घेऊन निघालेलं एका इंजिनाचं पायपर मालिबू इंग्लिश खाडीत पडलं. वैमानिकाचा देह मिळालाच नाही. ६८ मीटर खोलवरचा सांगाडा खराब हवामानामुळे वर आणता आला नाही. तरी रडारच्या नोंदींवरून शेवटची वळणं आणि उंची कळली, तळाशी कॅमेरा सोडून मोडतोड पाहता आली. वेग मर्यादेपलीकडे गेल्याने विमान हवेतच मोडलं होतं. मुख्य धागा मात्र सालाच्या रक्तात सापडला: ५८ टक्के हिमोग्लोबिन कार्बन मोनॉक्साइडने अडवलेलं. इंजिनाचा धूर केबिनमध्ये शिरला होता आणि बहुधा वैमानिकालाही बाधला होता. सांगाडा तळाशीच राहिला, म्हणून काही दडपलं गेलं नाही.

मिठासारखं विरघळण्याची गोष्ट निदान तात्यांनी पुढे ढकलायला नको होती. बोटीचं बुडालेलं आउटबोर्ड इंजिन वर काढलं की तात्या ते कधी वाळू देतात का? लगेच गोड्या पाण्याने धुतात, कारण खाऱ्या पाण्यातून हवेत आलं की गंज झपाट्याने चढतो. तपासवालेही समुद्रातून काढलेली नोंदयंत्रं गोड्या पाण्यात बुडवूनच प्रयोगशाळेत नेतात. बाकी पत्रा बोलतो. पंख्याची पाती कशी वाकली यावरून आदळताना इंजिन ताकद देत होतं का, ते कळतं. इशाऱ्याच्या दिव्यातली बारीक तार ताणलेली सापडली, तर तो दिवा त्या क्षणी पेटलेला होता. तुकडे लांबवर विखुरले असतील तर विमान वरच मोडलं असावं. एकाच जागी असतील तर अखंड आदळलं असावं. अर्थात पाण्याची ओढ आणि वारा हिशोबात धरून, आणि तो हिशोब आपल्या खलाशांइतका कुणाला येतो!

आता आग. साक्ष खोटी असते असं मी म्हणत नाही. पण आग पडण्याआधी दिसली की आदळल्यावर? आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. तीन किलोमीटरवरचा धमाका कानाशी यायला नऊ सेकंद लागतात. मग ‘आधी काय झालं’ हे सांगताना माणूस गोंधळणारच. १ जानेवारी १९७८ ला एअर इंडियाचं ‘सम्राट अशोक’ वांद्र्यासमोर कोसळलं, २१३ जण गेले. ते जम्बो होतं, पण धडा तोच. तेव्हाही घातपाताची शंका आली होती. काढलेल्या तुकड्यांवर स्फोटाची खूण नव्हती. कॅप्टनसमोरचं विमानाचा कल दाखवणारं यंत्र बिघडलं होतं, आणि काळोख्या समुद्रावर क्षितिज नव्हतं. अमावास्येला दीपस्तंभ मागे पडला की आभाळ कुठे संपतं, हे तात्यांनी मला सांगायचं की मी त्यांना?

वैमानिकाच्या चुकीबद्दल थोडक्यात. आपल्याकडे अपघाताच्या तपासाचं काम २०१२ पासून विमान अपघात अन्वेषण ब्युरो करतो आणि नियमानेच त्याचा हेतू पुढचा अपघात टाळणं हा आहे, दोष ठरवणं नव्हे. दोष कोर्ट बघतं. सालाचं उड्डाण ठरवणाऱ्याला २०२१ मध्ये १८ महिन्यांची शिक्षा झाली, ती न्यायालयात.

तात्या, तुमच्यासाठी एवढंच: जाळ्यात पत्र्याचा तुकडा आला तर घासूनपुसून पडवीत टांगू नका. जाळं अडकलं तिथला जीपीएसचा पॉइंट लिहून ठेवा, आणि १५५४ वर तटरक्षक दलाला फोन लावा.