ताई, टॉपिक सुचव ना!

डिसेंबर संपत आला की माझ्या इनबॉक्समध्ये हे वाक्य येऊन पडतं. पाठवणारी मुलं वेगळी, कॉलेजं वेगळी, वाक्य तेच. सस्टेनेबिलिटी मॅनेजमेंटचं शेवटचं सेमिस्टर, चार महिने, चार जणांचा ग्रुप आणि डोक्यात काहीच नाही. कोर्सच्या कागदावर या शेवटच्या प्रोजेक्टला कॅपस्टोन म्हणतात. कॅपस्टोन म्हणजे भिंतीवर सगळ्यात शेवटी बसवायचा दगड. आपल्याकडे तो दगड आधी पसंत करतात आणि मग त्याच्याखाली घालायला भिंत शोधत फिरतात.

येणारे टॉपिक तरी कसे? ‘पुणे शहरातील घनकचरा व्यवस्थापन : एक अभ्यास’. अगं बाई, पुणे शहरातील! महापालिकेची अख्खी यंत्रणा ज्याच्यामागे धावतेय ते तू शनिवार-रविवारी, लेक्चर सांभाळून करणार? मग होतं काय, पहिल्या पानावर १९८७ च्या ब्रुंटलँड अहवालातली शाश्वत विकासाची व्याख्या, दुसऱ्या पानावर संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकासाच्या १७ उद्दिष्टांचे रंगीत चौकोन, पुढे गुगल फॉर्म. ‘तुम्हाला पर्यावरणाची काळजी वाटते का?’ आता याला नाही कोण म्हणणार? मग सगळ्या ‘हो’चा एक पाय चार्ट, आणि निष्कर्ष : जनजागृती होणे गरजेचे आहे. हे वाक्य रिपोर्टच्या शेवटी लिहायला बंदी घातली तर निम्मे प्रोजेक्ट आपोआप बंद पडतील असं माझं प्रामाणिक मत आहे.

हसू नका, आम्हीही तेच करणार होतो. जानेवारी २०२३. आम्ही चौघी एका पानावर ‘पुणे जिल्ह्यातील शाश्वत जलव्यवस्थापन’ असं सुवाच्य अक्षरात लिहून गाइड मॅडमकडे गेलो. मॅडमनी ‘पुणे जिल्ह्यातील’वर पेनानं काट मारली आणि विचारलं, “तुमच्या हॉस्टेलमधलं पाणी येतं कुठून आणि जातं कुठे?”

चौघींपैकी एकीलाही सांगता येईना. दीड वर्ष त्याच पाण्यानं आंघोळ करत होतो!

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही तळमजल्यावर वॉटर कूलरपाशी जाऊन नुसत्या उभ्या राहिलो. कूलरमागे पाण्यातले क्षार काढणारं आरओचं मशिन होतं, त्यातून उरलेलं पाणी बाहेर सोडणारी एक पातळ पांढरी नळी निघून थेट मोरीत सोडलेली. पाणी बदाबदा वाहत होतं. आवाज रोजचाच, इतका सवयीचा की ऐकूच यायचा नाही. एकीनं वरून २० लिटरची बादली आणली, दुसरीनं मोबाइलवर स्टॉपवॉच लावला. ३ मिनिटांत बादली भरली. तेवढ्याच वेळात पिण्याच्या टाकीत १० लिटर गेलं. म्हणजे १ लिटर प्यायला, २ लिटर मोरीत.

आमचा प्रोजेक्ट त्या बादलीपाशी सुरू झाला. म्हणून ‘टॉपिक सुचव’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी आधी विचारते : बादली, वजनकाटा किंवा मीटर घेऊन तू स्वतः जाऊन मोजशील असं काही तुझ्या चालण्याच्या अंतरात आहे का? असेल तर तोच टॉपिक. नसेल तर जरा अजून चाल.

मोजणं सोपं नसतं हेही ऐका. मशिन दिवसातून किती वेळ चालतं हे कळायला आम्ही भिंतीवर एक वही सुतळीनं टांगली, सोबत बॉलपेन. जी कोणी पाणी भरायला येईल तिनं मशिन चालू आहे की बंद आणि किती वाजलेत एवढंच लिहायचं. पेन तीनदा चोरीला गेलं. चौथ्यांदा पेन्सिलीचा अर्धा तुकडा बांधला, तो टिकला. २१ दिवसांच्या नोंदी घेतल्या आणि सरासरी काढायला बसलो तर मधेच चार दिवस आकडा धाडकन खाली. मशिन बिघडलं म्हणून आम्ही घाबरलो. नंतर डोक्यात प्रकाश पडला : २६ जानेवारी गुरुवारी आली होती, निम्मं हॉस्टेल रविवारपर्यंत घरी गेलं होतं. ते दिवस सरासरीत ढकलले असते तर सगळं गणितच फसलं असतं. ते वेगळे काढून दाखवले. पूर्ण भरलेल्या हॉस्टेलचा, म्हणजे १७० मुलींचा हिशोब आला दिवसाला साधारण १,४०० लिटर. मोरीत जाणारं, बरं का. आठवड्याचे ९,८०० लिटर.

आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये १०,००० लिटरचा टँकर यायचा. म्हणजे दर आठवड्याला जवळजवळ एक टँकर आम्ही चक्क मोरीत ओतत होतो आणि उन्हाळ्यात पैसे देऊन तोच परत मागवत होतो.

पुढचा भाग माझ्या सगळ्यात आवडीचा, कारण त्यात आमचं नाक कापलं गेलं. ऑनलाइन काही शे रुपयांना टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा मीटर मिळतो, तो मागवला. जानेवारीत नळाचं पाणी निघालं लिटरला ९० मिलिग्रॅम. आरओमधून निघालेलं १०. आणि मोरीत जाणारं? १३०. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चालतात. म्हणजे आम्ही जे ‘वाया’ म्हणून सोडत होतो ते क्षारांच्या बाबतीत सहज पिण्याजोगं होतं. जंतूंचं टीडीएस मीटर काही सांगत नाही, तो फक्त पाण्यातून वीज किती जाते यावरून क्षारांचा अंदाज बांधतो. पण जंतूंसाठी यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांचा दिवा पुरतो, त्यासाठी दुप्पट पाणी फेकावं लागत नाही. त्यात वाचताना सापडलं की राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्येच सांगितलं होतं, टीडीएस ५०० च्या खाली असेल तिथे आरओवर बंदी आणा. झालं! आम्ही हवेत. शीर्षक ठरलं, निष्कर्ष ठरला : आरओ काढून टाका. फेब्रुवारीतच प्रोजेक्ट संपला असं आम्हाला वाटलं.

मॅडम एवढंच म्हणाल्या, “मोजत राहा. दर सोमवारी.” आम्ही तोंड वाकडं करून मोजत राहिलो.

मार्चच्या मध्यावर एका सोमवारी मीटरनं नळाच्या पाण्याला ६४० दाखवला. मीटर झटकला, सेल बदलले, पुन्हा ६४०. खाली जाऊन पंप चालवणाऱ्या काकांना विचारलं तर ते म्हणाले, “आता बोअरचं मिसळतो ना. कॉर्पोरेशनचं पाणी पुरत नाय उन्हाळ्यात.” दर वर्षी मिसळतात. इतकी वर्षं मिसळतायत. आम्ही त्यांना कधी विचारलंच नव्हतं, कारण आमच्या प्रश्नावलीत ‘पंप चालवणारे काका’ हा घटकच नव्हता.

आरओ काढून टाका हा निष्कर्ष त्या दिवशी मेला. आता मोरीत जाणारं पाणी ९३० च्या आसपास निघत होतं. आरओ ठेवायचा तर त्या पाण्याचं करायचं काय, हा खरा प्रश्न उरला. आमचं तयार उत्तर : बागेला द्या. सगळ्या रिपोर्टांत हेच असतं, बाग. माळीमामांना सांगायला गेलो तर त्यांनी एक कुंडी उचलून आमच्यासमोर धरली. काठावर पांढरा थर, नखानं खरवडला तर भुगा पडला. “बोअरचं पाणी घातल्यावर हे असं होतं. तुमचं त्याच्याहून खारं. माझी जास्वंद मारायचीय का?” सहा शोधनिबंध वाचून आम्ही जे लिहिणार होतो ते त्या एका कुंडीनं खोडून काढलं. बाग रद्द. उरल्या फरश्या. फरशी पुसायला पाणी खारं असलं तरी बिघडत नाही.

मग योजना अशी झाली : पांढरी नळी मोरीतून उचलून ५०० लिटरच्या काळ्या टाकीत सोडायची, टाकीला खाली नळ, मावशी तिथून बादल्या भरतील. कागदावर पाच मिनिटांचं काम. प्रत्यक्षात आमचा अर्ज वॉर्डन, रेक्टर, मेंटेनन्स, प्राचार्य असा फिरत फिरत तीन आठवड्यांनी परत आला. त्यावर एक गोल सही आणि ‘हरकत नाही’. पैशांबद्दल मात्र अवाक्षर नाही. टाकी, पाइप, प्लंबरची मजुरी धरून ६,८०० रुपये झाले. चौघींनी १,७०० प्रत्येकी काढले आणि बिलं जपून ठेवली. अजून जपून ठेवलीयत.

म्हणून नियोजनाचं विचाराल तर माझं एकच सांगणं. गँट चार्ट (कोणतं काम कधी, याचा तक्ता) वगैरे काढा, मार्क असतात त्याला. पण चार्ट काढायच्या आधी किल्ली कोणाकडे आहे ते बघा. पंपघराची किल्ली, मीटररूमची किल्ली, बिलांच्या फायली ज्या कपाटात आहेत त्याची किल्ली. त्या माणसाला पहिल्या आठवड्यात भेटा, चहा पाजा. परवानगीचा अर्ज टॉपिक ठरला त्याच दिवशी टाका, तो फिरेपर्यंत मोजत बसा. आम्ही आधी मोजलं आणि मग अर्ज केला, म्हणून टाकी बसेपर्यंत एप्रिलचा दुसरा आठवडा उजाडला आणि ‘बसवल्यानंतर’च्या नोंदी घ्यायला जेमतेम पंधरा दिवस उरले.

पाणीच घ्या असंही नाही. मेसमधलं उष्टं तोला. पण किमान दोन आठवडे तोला, कारण पनीरच्या दिवशी ताटं चाटूनपुसून येतात आणि दुधी भोपळ्याच्या दिवशी बादल्या भरतात. २०१६ च्या घनकचरा नियमांत दिवसाला १०० किलोच्या वर कचरा करणाऱ्यांना ‘मोठे कचरा उत्पादक’ म्हटलं होतं. तुमचं कॉलेज त्या रेषेच्या कुठे आहे, हाच एक मस्त प्रोजेक्ट आहे. नाहीतर वर्षाची वीजबिलं घ्या. आपल्या ग्रिडवरच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात, गुणाकार करा. पण गुणाकारावर थांबू नका. रविवारी रात्री रिकाम्या लायब्ररीत दिवे कोण चालू ठेवतं ते शोधा.

आता आमच्या भांडणाबद्दल. टाकी बसली, नोंदी घेतल्या, तर फरश्यांना दिवसाला साडेचारशे लिटरच लागायचं. बाकीचं टाकी भरून वाहायचं, पुन्हा मोरीतच. सगळं वापरायचं तर फ्लशच्या टाक्यांना वेगळी लाइन हवी होती, तेवढा वेळ आणि पैसा नव्हता. रिपोर्टच्या आदल्या रात्री एकजण म्हणाली, “आपण १,४०० वाचवले असंच लिहू ना. टाकीत तर सगळं जातंय.” तांत्रिकदृष्ट्या तिचं चूक नव्हतं, हीच तर मेख! रात्री दोनपर्यंत वाद. एकजण रडली (मीच). शेवटी ४५० लिहिलं, आणि उरलेलं का वाचलं नाही याचं एक वेगळं पान जोडलं. व्हायवाला बाहेरून आलेल्या सरांनी पंचवीस मिनिटांतली वीस त्या एकाच पानावर घालवली.

आज मी कंपन्यांच्या शाश्वतता अहवालांचं काम करते. शेअर बाजारातल्या पहिल्या १,००० कंपन्यांना सेबीनं २०२२-२३ पासून हे अहवाल सक्तीचे केले, त्यातून आमच्यासारख्यांचं पोट भरतंय. ‘पाण्याचा एकूण उपसा’ असा रकाना समोर आला की मी पहिला फोन पर्यावरण विभागाला करत नाही, टँकरच्या पावत्या ठेवणाऱ्या माणसाला करते. टाकीत गेलेलं आणि खरंच वाचलेलं यातली गल्लत तर दर अहवालात भेटते, फक्त लिटरच्या जागी किलोलिटर असतात.

हो, एक राहिलं. आमचे ६,८०० कॉलेजनं दिले नाहीत, पण कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकची टीम येणार म्हटल्यावर आमचा रिपोर्ट आठवणीनं मागून घेतला. त्यांच्या सातव्या निकषाच्या (त्यात पर्यावरणही येतं) फाइलमध्ये टाकीचा रंगीत फोटो लागला. फोटोत आम्ही नाही.

मागच्या दिवाळीच्या आधी तिकडे गेले होते, तेव्हा मुद्दाम हॉस्टेलच्या मागे डोकावले. टाकीचं झाकण तुटलंय, त्याच्या जागी पत्रा आणि पत्र्यावर वीट. नळाखाली निळी बादली भरत होती. मावशी नवीन होत्या. मी विचारलं, ही टाकी कधी बसवली हो? त्या म्हणाल्या, “आधीपासनंच हाय की. नळ तेवढा गळतोय बघा, ऑफिसात कुनाला तरी सांगा.”