वाचत नाही ना? मग पुस्तक परत आणून द्या!

एखादं पुस्तक वाचायचं राहून गेलं, याचा मला राग नाही. सगळ्यांचंच राहतं. नोकरी, घर, म्हाताऱ्या माणसांची दुखणी, मुलांच्या परीक्षा, या सगळ्यात पुस्तक मागे पडतं आणि त्याला कुणाचा इलाज नसतो. मला संताप येतो तो दुसऱ्याचं पुस्तक घरी नेऊन, न वाचता आणि परतही न करता वर्षानुवर्षं त्यावर ठाण मांडून बसणाऱ्यांचा. विचारलं की ठरलेलं उत्तर, "वाचायचंच आहे हो, पण वेळच मिळत नाही." अहो, मग आणून द्या ना! वेळ मिळाला की पुन्हा न्या. माझं कपाट कुठे पळून जाणार आहे?

स्वतःच्या पैशाने पुस्तकं घेऊन कपाटात लावून ठेवणाऱ्यांबद्दल माझं काहीही म्हणणं नाही, हे आधीच सांगते. संमेलनातून पिशव्या भरभरून आणा. प्रकाशकाच्या हातात चार पैसे पडतात, लेखकाला रॉयल्टी मिळते, उद्या घरातलं एखादं पोर ते उघडून बसेल. ज्ञानेश्वरी निवृत्तीनंतर निवांत वाचू म्हणून कुणी देवघराशेजारी ठेवली असेल, तर ठेवू दे. दासबोधाचं तर गणित सोपं आहे. वीस दशकं, प्रत्येकात दहा समास, म्हणजे रोज एक वाचला तरी दोनशे दिवसांत ग्रंथ पुरा होतो. तरीही कुणाचा होत नसेल तर न होवो. प्रत त्याची, पैसे त्याचे, त्याचं तो बघून घेईल.

पण माझी प्रत?

माझ्याकडे येणारी माणसं चहा होईपर्यंत पुस्तकांच्या कपाटासमोर मान वाकडी करून उभी राहतात. मग, "अय्या, हे तुमच्याकडे आहे? कधीचं वाचायचं होतं मला!" त्या आवाजातला आनंद खरा असतो, ते मी नाकारत नाही. म्हणून तर आपण देतो. पुस्तक वाचणारं माणूस भेटलं की जीव सुखावतो. पण एकावर थांबतील तर शपथ. "हेपण नेऊ का? आणि हे? एकदमच परत करते." तीन पुस्तकं पिशवीत जातात आणि तिथून पुढे मौन. महिना, दोन महिने, दिवाळी, संक्रांत. फोन होतात, लग्नाकार्यात भेटी होतात, माझ्या साडीचं कौतुक होतं, पुस्तकाचं नाव निघत नाही. आपणच काढलं की समोरची व्यक्ती अशी बघते, जणू आपण उधारी वसूल करायला दारात उभ्या आहोत. "एका पुस्तकासाठी किती गं मागे लागतेस!" पुस्तक माझं, अडकवून ठेवलंय तिने, आणि कोत्या मनाची ठरते मी! हे मला सहन होत नाही.

शेजारणीचा डबा आला तर आपण तो रिकामा परत करत नाही. चमचाभर साखर तरी घालतो. ही रीत आपल्याला कुणी शिकवावी लागली नाही. मग पुस्तकाच्याच वेळी ही रीत कुठे जाते? डब्यापेक्षा पुस्तक कमी मोलाचं आहे का?

परवा एका ओळखीच्या बाईंकडे हळदीकुंकवाला गेले होते. टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सखाली मला माझं 'रणांगण' दिसलं. विश्राम बेडेकरांची ही कादंबरी 1939 साली आली. जेमतेम शंभर-सव्वाशे पानांची आहे. रविवारी दुपारी घेऊन बसलं तर दिवेलागणीच्या आत संपते, इतकी लहान. आणि ती बॉक्सला हवा लागावी म्हणून खाली सारलेली! मुखपृष्ठावर बॉक्सच्या रबरी पायांचे चार गोल काळे डाग, पहिल्या काही पानांच्या आत घडी घातलेलं विजेचं बिल, ते बिलही जुनं. ही प्रत माझ्या वडिलांची. समासात त्यांनी शिसपेन्सिलीने बारीक अक्षरात लिहून ठेवलेलं आहे. कुठे नुसतं 'वा', कुठे प्रश्नचिन्ह, कुठे एखाद्या वाक्यावरचं त्यांचं मत. वडील आता नाहीत. पुस्तक बाजारात नवं मिळतं, ते मलाही माहीत आहे; हे समास मिळत नाहीत. मी बॉक्स उचलला, पुस्तक काढलं आणि वाणाच्या पिशवीत घातलं. बाई म्हणतात, "अहो, वाचतेय मी ते अजून!" मी म्हटलं, "नाही, वाचत नाही आहात." चारचौघींत बोलले याचं त्यांना वाईट वाटलं असेल. वाटू दे. मला त्या डागांचं वाटलंय.

आणि सगळीच पुस्तकं नव्याने मिळतात असं नाही हो. मराठी पुस्तकाची आवृत्ती असते केवढीशी! अनेकदा हजाराची, हल्ली त्याहूनही कमी. ती संपली की दुसरी निघेलच याची खात्री नाही. प्रकाशक गेला, वारसांना रस नाही, मुलं परदेशात, की पुस्तक कायमचं बंद. मग ते शोधत अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांचे उंबरे झिजवा, मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर उन्हात ढीग उपसा, रद्दीवाल्याकडे नंबर देऊन ठेवा. असं हुडकून आणलेलं पुस्तक कुणाला विश्वासाने दिलं आणि दोन वर्षांनी "अगं, घर शिफ्ट करताना कुठे गेलं कळलंच नाही" हे ऐकलं, की तोंडातून शब्द फुटत नाही. वरून, "तुला दुसरं घेऊन देते ना!" कुठून देणार? सांगा ना, कुठून देणार?

तरी घरचं एक वेळ ठीक, आपण देऊन बसलो आपल्या हाताने. सार्वजनिक वाचनालयाचं काय? तिथे तर पुस्तक गावाचं असतं. आपल्याकडे ही वाचनालयं कालपरवा उगवलेली नाहीत. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चं. लोकांनी वर्गण्या काढून, घरची कपाटं रिकामी करून ती उभी केली. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा 1967 सालचा आहे. त्याखाली सरकारी अनुदान मिळतं, पण अ, ब, क, ड असे वर्ग आणि वर्गाप्रमाणे पैसे. तालुक्याच्या गावातल्या एखाद्या 'क' वर्गाच्या वाचनालयाला किती पैसे मिळत असतील आणि त्यातून भाडं, वीजबिल, वर्तमानपत्रं, सेवकांचा तुटपुंजा पगार भागवून पुस्तकांना काय उरत असेल, याचा जरा विचार करा. नवं पुस्तक येतं ते एक प्रत. पुऱ्या गावात मिळून एक.

आणि ती एक प्रत कुणाच्या तरी घरी फ्रिजवर पडलेली असते.

आमच्या वाचनालयात एक मुलगी येते. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते, अभ्यासिकेत सकाळपासून असते. तिला मराठ्यांच्या इतिहासावरचा एक जाडजूड ग्रंथ हवा आहे. विकत घ्यायची ऐपत नाही. ती काउंटरवर येऊन हळूच विचारते, "सर, ते आलं का?" सर वही उघडतात, बोट फिरवतात, "बाहेर आहे गं अजून." हा संवाद मी इतक्या वेळा ऐकलाय की सर बोट कुठे थांबवणार हे मला आता पाठ झालंय. ज्या सभासदाच्या नावावर तो ग्रंथ आहे ते गावातलं मोठं प्रस्थ. त्यांना इतिहास वाचायचाय. गेल्या पावसाळ्यापासून वाचायचाय. उशिरा परत केल्याचा दंड वहीत लिहिलेला आहे, पण तो मागायची कुणाची छाती नाही. ग्रंथपालांना जेमतेम मानधन, त्यांनी कुणाशी वाकडं घ्यायचं? मी कार्यकारिणीतल्या एकांना स्पष्ट सांगितलं, फोन करा त्यांना. ते म्हणाले, "वहिनी, जाऊ द्या, एवढा मोठा माणूस, वाचतोय हेच पुष्कळ." वाचतोय कुठे? वाचत असता तर परत आला असता ग्रंथ!

दिवाळी अंकांची तर मला दरवर्षी शिसारी येते. 1909 मध्ये 'मनोरंजन'ने दिवाळी अंक काढला तेव्हापासून महाराष्ट्रात ही परंपरा चालत आली आहे, आणि आपण ती मोठ्या अभिमानाने मिरवतो. आता एकेका अंकाची किंमत तीनशे-चारशेच्या घरात, त्यामुळे सामान्य घरात दोन-तीन अंक आले तर आले. म्हणून तर वाचनालयं योजना काढतात. वेगळी वर्गणी भरा आणि एकेक करून सगळे अंक वाचा. किती चांगली सोय आहे! पण चालते कशी? पहिल्याच दिवशी चांगले अंक उचलले जातात आणि तुळशीचं लग्न, नाताळ, संक्रांत, सगळं होऊन गेलं तरी फिरकत नाहीत. आपण वर्गणी भरलेली, आपल्या वाट्याला पाककृतींचे आणि ज्योतिषाचे विशेषांक. शिमग्याला एकदाचा हवा तो अंक हाती येतो, तर त्यातलं वार्षिक राशिभविष्य फाडून घेतलेलं! कथा कोऱ्या, कुणी उघडल्याची खूण नाही, फक्त ते पान गायब. ज्यांनी फाडलं त्यांनी घरी ते नीट घडी करून ठेवलं असणार. त्याच पानाच्या मागे एका कवितेचा शेवट छापलेला होता, तो आमच्यापैकी कुणालाच वाचायला मिळणार नाही.

आता नवं खूळ पीडीएफचं. "दोनशे मराठी पुस्तकं, डाउनलोड करून ठेवा, वाचायला उपयोगी पडतील" असा मेसेज आला की ग्रुपवर पन्नास हात जोडलेले येतात. त्यातलं एकही पुस्तक कुणी उघडत नाही. मोबाइल भरला की तेच आधी डिलीट होतं. पण पुढे पाठवून झालेलं असतं. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी 1950 साली गेले, त्यांचं लेखन मुक्त झालं, ते हवं तितकं वाटा, मराठी विकिस्रोतावर अशी मुक्त पुस्तकं आहेतच. पण पु. ल. 2000 साली गेले, त्यांच्या पुस्तकांचे हक्क 2060 संपेपर्यंत आहेत. आणि या गठ्ठ्यांत तर जिवंत लेखकांची, गेल्याच वर्षी आलेली पुस्तकं असतात. ज्याला खरंच वाचायचं होतं तोही म्हणतो, फुकट आलंय, विकत कशाला घेऊ. म्हणजे न वाचणाऱ्यांनी जमवायचं आणि मार बसणार लेखकाला! मी एकदा ग्रुपवर हे लिहिलं, तर उत्तर आलं, "ताई, ज्ञान वाटल्याने वाढतं." ज्ञान मोबाइलमध्ये बंद करून कसं वाढतं, ते मला कुणी समजावून सांगावं.

दर 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो. शाळांतून, कार्यालयांतून हातात पुस्तक धरून फोटो काढले जातात. 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनी भाषणं होतात. त्याच दिवशी प्रत्येक वाचनालयाने दारावर फलक लावावा, कुठलं पुस्तक किती दिवस बाहेर आहे याचा. सभासदाचं नाव नको असेल तर नका लिहू, पुस्तकाचं नाव आणि तारीख पुरे. दंड सगळ्यांकडून घ्या, कार्यकारिणीच्या पाहुण्यांकडून आधी घ्या. आणि ज्याचा नंबर लागलाय त्याला पुस्तक मिळेपर्यंत थकबाकीदाराला दुसरं पुस्तक देऊ नका. एवढं केलं तरी त्या मुलीला तिचा ग्रंथ परीक्षेच्या आधी मिळेल.

माझ्यापुरतं मी ठरवून टाकलंय. कपाटाच्या दाराला आतून वही बांधली आहे. नेताना नाव आणि तारीख स्वतःच्या हाताने लिहायची, एका वेळी एकच पुस्तक, मुदत महिना. अजून हवं असेल तर फोन करून सांगा, मी आनंदाने महिना वाढवून देईन, हळूहळू वाचणाऱ्यांवर माझा काडीचाही राग नाही. ज्यांच्याकडे वही बांधायच्या आधीपासून माझी पुस्तकं आहेत, त्यांची यादी मी आठवून आठवून केली आहे, आणि येत्या रविवारपासून मी एकेकाच्या घरी जाणार आहे. चहा नको, फराळ नको. वाचून झालं नसलं तरी चालेल, पुस्तक तेवढं काढून ठेवा.