मुदतपूर्व बदली

"काका, तुम्ही मागच्या रांगेत उभे राहा ना. ती जर्सी आता आपली नाहीये."

सात वर्षांच्या ज्या पोराचा वाढदिवस होता, त्यानेच मला हे ऐकवलं. गेल्या रविवारी, डॅलसजवळच्या फ्रिस्कोत. पार्टीची थीम 'डॅलसच्या टीम्स', केकवर इथल्या बास्केटबॉल टीमच्या नव्या पोराचा, कूपर फ्लॅगचा ३२ नंबर, आणि मी त्याच टीमने दुसरीकडे देऊन टाकलेल्या लुका डॉन्चिचची निळी ७७ घालून गेलेलो. फोटोत माझ्यापुढे कुणाची तरी उंच मावशी आणून उभी केली. हा अपमान मी गिळला, कारण पावभाजी अजून यायची होती. मग शेजारच्या खुर्चीवर नाना येऊन बसले.

नाना म्हणजे यजमानांचे सासरे. कलेक्टर ऑफिसातून निवृत्त, सध्या लेकीकडे मुक्काम. टेक्सासमध्येही शर्टाच्या खिशाला पेन. माझ्या छातीवरचा आकडा त्यांनी चष्मा वर करून वाचला आणि विचारलं, "सत्त्याहत्तर साली काय झालं होतं?"

तिथेच 'काही नाही' म्हणायला हवं होतं हे मान्य. पण इथल्या आपल्या लोकांशी या विषयावर धड बोलताच येत नाही. काही बोलायला जावं तर कुणीतरी हटकून म्हणतं, "म्हणजे हार्दिकचं झालं तसंच ना?" अरे, तसंच कसं? हार्दिक पांड्या गुजरात सोडून मुंबईला परत आला आणि वानखेडेवर आपल्याच लोकांनी त्याची हुर्यो उडवली. आम्हाला ज्याच्या आरत्या ओवाळायच्या होत्या त्याला मध्यरात्री काढून दिला. दुसरा गट म्हणतो, बास्केटबॉल कसला बघतोस, ग्रँड प्रेरीच्या क्रिकेट स्टेडियमला जा. २०२४ च्या जूनमध्ये तिथेच आपल्या मुंबईच्या सौरभ नेत्रावळकरने अमेरिकेकडून सुपर ओव्हर टाकून पाकिस्तानला हरवलं, म्हणे. मला त्याचा अभिमान आहेच. म्हणून माझं दुःख रद्द होतं का?

तर नानांना सांगितलं. १ फेब्रुवारी २०२५, शनिवार, रात्रीचे अकरा वाजून गेलेले. बातमी आली की डॅलस मॅव्हरिक्सने लुकाला लॉस एंजेलिस लेकर्सकडे देऊन टाकलं. लोकांना वाटलं, बातमी देणाऱ्याचं अकाउंट कुणीतरी हॅक केलंय. पंचवीस वर्षांचा पोरगा, आदल्याच मोसमात टीमला फायनलपर्यंत घेऊन गेलेला.

"म्हणजे बदली झाली," नाना म्हणाले.

"बदली नाही हो नाना, ट्रेड."

"माणूस तोच, काम तेच, गाव वेगळं. बदलीच." त्यांनी पेन काढलं, कागदी नॅपकिन मांडीवर सरळ केला आणि सगळ्यात आधी डाव्या बाजूला समास आखला. नॅपकिनवर! शाई पसरत होती, तरी समास सोडल्याशिवाय टिपणी लिहायची नाही. "आदेश कधीचा? फेब्रुवारी. म्हणजे अवेळी. सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मेमध्ये होतात. त्याला पूर्वकल्पना?"

"काही नाही. त्याच्या एजंटलासुद्धा पत्ता नव्हता. दोन्हीकडचे साहेब जानेवारीत कॉफी प्यायला भेटले आणि तिथे सुरुवात झाली."

"आमच्याकडे चहावर होतं." लिहिलं. "कारण काय दिलं?"

"म्हणे बचावाने चॅम्पियनशिप जिंकता येते. आणि आतून कुजबूज अशी की वजन वाढलंय, फिटनेस नाही."

"म्हणजे गोपनीय अहवालात प्रतिकूल शेरा. तो शेरा त्याला लेखी कळवला होता का? कळवावा लागतो."

मला गंमत वाटायला लागली होती. माझी बाजू इतक्या शिस्तीत आजवर कुणी मांडली नव्हती. मी त्यांना नवीन नॅपकिन दिला. लुकाने डॅलसमध्ये नुकतंच घर घेतलं होतं म्हटल्यावर नानांनी मान हलवली, "वास्तुशांत झाली की ऑर्डर निघते. हे जगभर आहे तर." पण डॅलसमध्येच राहिला असता तर पाच वर्षांचा साधारण साडेचौतीस कोटी डॉलरचा करार मिळण्याची सोय होती, बदली झाल्यामुळे ती पात्रता गेली, हे ऐकून ते खुर्चीत पुढे सरकले. "वेतनाचं नुकसान! मग मॅटमध्ये, प्रशासकीय न्यायाधिकरणात, केस उभी राहते. पहिल्याच तारखेला स्टे आणला असता. बायको इथे नोकरीला आहे का?"

"तेव्हा लग्न झालेलं नव्हतं."

"मग पती-पत्नी एकत्रीकरण गेलं." समासात फुली. "बरं, त्याच्या बदल्यात कोण रुजू झालं?"

अँथनी डेव्हिस, मी म्हटलं. वय तेव्हा ३१. सोबत मॅक्स ख्रिस्ती आणि २०२९ सालच्या पहिल्या फेरीतला एक पिक.

"२०२९ चा म्हणजे?"

"म्हणजे तेव्हा एक नवा मुलगा निवडायचा हक्क."

"म्हणजे पद रिक्त आणि भरती चार वर्षांनी. हां. आणि हा डेव्हिस कामाला कसा आहे?"

पहिल्याच मॅचला त्याने २६ पॉइंट, १६ रिबाउंड काढले आणि तिसऱ्या क्वार्टरमध्ये स्नायू दुखावून बाहेर गेला तो आठवडेच्या आठवडे आला नाही, असं मी सांगितलं. नाना इतके हसले की त्यांना ठसका लागला. "रुजू झाल्या दिवशी मेडिकल! अहो, हा तर आमच्यातलाच!"

इथपर्यंत ठीक होतं. मग त्यांनी विचारलं, "तुमचा लुका मुळात इथे कधीपासून?"

"२०१८. ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, अटलांटाने घेतला आणि त्याच रात्री आपण ट्रे यंगच्या बदल्यात—" इथे मी थांबलो, पण उशीर झाला होता.

"म्हणजे मूळ नेमणूक अटलांटाची. इथे आला तोच बदलीने." नानांनी चष्मा काढला. "आणि साडेसहा वर्षं एका जागी. तीन वर्षांत माणूस बदलीपात्र होतो. मग तुम्ही रडताय कशाला?"

मी डर्क नोविट्स्कीचं नाव काढलं. एकवीस मोसम एकच टीम, २०११ ची चॅम्पियनशिप, स्टेडियमबाहेर पुतळा, आणि पायथ्याला कोरलेलं की निष्ठा कधी फिकी पडत नाही. त्याच पुतळ्यापुढे लुका गेल्यावर लोकांनी खोटी शवपेटी आणून ठेवली होती. नाना फक्त एवढंच म्हणाले, "एकवीस वर्षं एकाच टेबलावर? वशिला कुणाचा?"

मी हट्टाने पुढची प्रकरणं टाकली. इथल्या अमेरिकन फुटबॉल टीमने, काउबॉइजनी, मोसम आठवड्यावर आला असताना मायका पार्सन्स ग्रीन बेला देऊन टाकला. इथल्या लोकांनी सुपर बोल, म्हणजे त्या खेळाची फायनल, जिंकलेली पाहिली ती १९९६ च्या जानेवारीत, आणि जो पोरगा समोरच्याला खरंच घाबरवायचा, त्याचीच पाठवणी! नानांना त्यात रस नव्हता. आइस हॉकीतला मिको रँटानेन मात्र फार आवडला. जानेवारीत कोलोराडोहून कॅरोलायना, मार्चमध्ये कॅरोलायनाहून आपल्या डॅलस स्टार्सकडे. "दोन महिन्यांत दोन बदल्या! कुणाला नडला होता?" मग मे महिन्यात सातव्या निर्णायक मॅचला, शेवटच्या वीस मिनिटांत, त्याने जुन्या कोलोराडोवरच तीन गोल चढवले म्हटल्यावर नानांनी मांडीवर थाप मारली. लुकानेही एप्रिलमध्ये डॅलसला येऊन ४५ पॉइंट ठोकले, हे मी लगेच जोडून दिलं. मॅचआधी पडद्यावर त्याची चित्रफीत दाखवली, तो टॉवेलमध्ये तोंड लपवून रडला.

"नुसती चित्रफीत? शाल-श्रीफळ नाही?"

"नाही."

"हे मात्र चुकलं."

आणि मग निको हॅरिसन. मॅव्हरिक्सच्या ज्या साहेबाने लुकाचं हे सगळं केलं त्याला ११ नोव्हेंबर २०२५ ला काढलं, हे मी अशा सुरात सांगितलं की आता तरी नाना टाळी देतील. त्यांचा चेहरा पडला. "चौकशी न करता? अरेरे. चांगला माणूस असणार हो."

"चांगला? नाना, स्टेडियममध्ये महिनोन् महिने त्याला काढा म्हणून घोषणा चालू होत्या!"

"मी पण आस्थापना शाखेला होतो," नाना शांतपणे म्हणाले. "बदल्यांची यादी मीच करायचो. लोक घरी येऊन रडायचे, बायकांना पाठवायचे. आपण फक्त टिपणी ठेवतो. सही वरच्याची असते. इथे सही कुणाची?"

मालकाची, मी म्हटलं. मालकांनीच मंजुरी दिली होती.

"मग मालक कुठाय?"

मालक जागच्या जागी आहे. आणि इथे मला हसू येत नाही. त्याच्याच कुटुंबाने २०२३ च्या डिसेंबरमध्ये बहुतांश टीम विकत घेतली, त्यांच्याच होकाराने लुका गेला, आणि महिनाभरात आमच्या सीझन तिकिटांचे दर वाढवले. मधल्या काळात हॅरिसनला काढा म्हणणाऱ्या काही प्रेक्षकांना मॅचमधून बाहेरही काढलं. मे महिन्यात ड्राफ्टचा क्रम ठरवणाऱ्या लॉटरीत १.८ टक्के शक्यता असताना पहिला नंबर लागला, फ्लॅग हाती आला, आणि सगळे एका रात्रीत शहाणे झाले. "बघ, बरंच झालं की!" काय बरं झालं? चिठ्ठी निघाली म्हणून आधीचा मूर्खपणा धोरण ठरतो का? फ्लॅग गुणी आहे. टीमने निवडला तेव्हा अठराच वर्षांचा. त्यालाही इथे घर घेऊ नकोस म्हणून कुणीतरी सांगायला हवं.

हे मी जरा मोठ्याने बोललो असणार, कारण केक कापणारे थांबून बघायला लागले. नानांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, नॅपकिनची घडी घालून खिशात ठेवली आणि फोन काढला. तिकडे सोमवारची सकाळ झाली होती. स्पीकर चालूच.

"हां, मोरे, चहा झाला का? अरे, एक केस आहे, अवेळी बदलीची. तू मॅटची कामं बघायचास ना? ... नाही रे, ज्याची बदली झाली तो मजेत आहे, लॉस एंजेलिसला. इथे दुसराच एक जण रडतोय. ... नाही, नातं काहीच नाही म्हणतो. नुसता शर्ट आहे त्याचा."