कंट्रोलर चांगलाच होता दादा, स्लाइड वेगळी आहे (एक स्टारवाल्या रिव्ह्यूला आमचं उत्तर)

नमस्कार दादा, रिव्ह्यू वाचला. नुसतं "धन्यवाद, पुन्हा या" टाकून सोडून देणार होतो पण तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंय तर उत्तर पण नीटच द्यायला पाहिजे. बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो काय झालं ते: हे तिघं मित्र आमच्या पार्लरला आले, चौथा म्हणून आमच्याकडे नेहमी येणारा एक कॉलेजचा पोरगा बसला, पीएस फोरवर तासभर क्रॅश टीम रेसिंग नायट्रो फ्युएल्ड (छोट्या कार्ट गाड्यांच्या रेसचा गेम) खेळले, पोरगा सगळ्या रेस जिंकला. आता यांचं म्हणणं असं की कंट्रोलर खराब होते, बूस्ट (गाडीला मिळणारा जादा वेगाचा झटका) लागतच नव्हता, पोरगा चीटिंग करत होता, गेम लहान मुलांचा आहे, निंटेंडोच्या मारियो कार्ट या रेसिंग गेमची कॉपी आहे, आणि पैसे परत पाहिजेत.

आधी कंट्रोलर. तुम्ही उठल्यावर तोच पॅड घेऊन पुढचा ग्रुप बसला आणि रात्री बंद करेपर्यंत त्याच्यावर रेस चालू होत्या, एकानेही तक्रार केली नाही. तुमचं काय होत होतं ते मी काउंटरवरून बघत होतो. तुम्ही आर वन (पॅडचं उजवीकडचं वरचं बटण, डावीकडचं एल वन) दाबून गाडी आडवी करत होता आणि वळण संपलं की बटण सोडून देत होता, आणि मग बूस्ट कुठंय म्हणून पॅड हलवत होता. दादा ही मारियो कार्टची सवय आहे. तिकडे ड्रिफ्ट धरून ठेवायचा, चाकाखाली निळी मग केशरी मग जांभळट ठिणगी येते, सोडलं की बूस्ट. इकडे सोडून काही मिळत नाही. इकडे एका बाजूचं बटण दाबून उडी मारायची, ते धरूनच स्लाइड करायची, कोपऱ्यातला मीटर भरत लाल झाला आणि सायलेन्सरमधून काळा धूर यायला लागला की *दुसऱ्या* बाजूचं बटण टपकन दाबायचं. म्हणजे आर वनने स्लाइड तर एल वनने बूस्ट. असं एका स्लाइडमध्ये तीन वेळा करता येतं, तिसरा सगळ्यात जोरदार. लवकर दाबलं तर फुसका बूस्ट, उशीर केला तर काहीच नाही, आणि स्लाइड फारच ताणली तर गाडी गरकन फिरते, जी तुमची फिरत होती आणि तुम्ही म्हणत होता स्टिक ड्रिफ्ट होतेय, म्हणजे पॅडची स्टिक हात न लावता आपोआप सरकतेय.

आणि हे बूस्ट साठतात बरं का, गेम स्क्रीनवर आकडा दाखवत नाही पण आत साठा चालू असतो, त्यामुळे जो सरळ रस्त्यावर पण विनाकारण डावी-उजवीकडे स्लाइड मारत जातो ना तो येडा नसतो, तो साठा संपू देत नसतो. तुमच्या रिव्ह्यूत "तो मुलगा सरळ चालवत पण नव्हता तरी पुढे होता" असं वाक्य आहे, ते वाचून आम्ही सगळे हसलो, कारण सरळ चालवत नव्हता म्हणूनच पुढे होता. उंचवट्यावरून उडी बरोबर मारली तर हवेत जितका वेळ राहाल तसा खाली टेकताना बूस्ट मिळतो, तेही तो करत होता. रस्त्यात मिळणारी वुम्पा फळं दहा झाली की गाडीचा वेग पण थोडा वाढतो आणि हत्यारं पण पॉवरफुल होतात, टीएनटी नावाच्या स्फोटक पेटीच्या जागी नायट्रो पडतो. टीएनटी डोक्यावर बसला तर उड्या मारून झटकता तरी येतो, नायट्रोला तेवढी पण संधी नाही. तुमच्या मित्राला तीनदा तोच लागला आणि तो म्हणाला हॅक केलंय. हॅक नाही हो, फळं गोळा केली होती त्या पोराने.

शॉर्टकटबद्दल. सीवर स्पीडवे या ट्रॅकला गोल नळीतून जाताना भिंतीवर चढून वर एक भोक आहे त्यात घुसता येतं, ते १९९९ च्या मूळ गेमपासून आहे, डेव्हलपरने स्वतः ठेवलेलं आहे. त्याला चीटिंग म्हणत असाल तर मग गल्लीबोळातून जाणारा प्रत्येक रिक्षावाला चीटरच झाला. त्या पोराने मात्र पहिल्या रेसनंतर तुम्हाला दाखवतो म्हणून सांगितलं होतं, तुम्ही नको म्हणालात, हे रिव्ह्यूत राहून गेलं.

"पैसे टाकून चांगली गाडी घेतली असेल" हे पण लिहिलंय. या गेममध्ये पैसे देऊन कॉइन घ्यायची सोय नंतर आली हे खरंय, २१ जून २०१९ ला गेम आला आणि ऑगस्टमध्ये ते टाकलं, त्यावर जगभर लोक चिडले आणि मला पण ते आवडलेलं नाही, पूर्ण पैसे घेऊन वर परत दुकान कशाला. पण त्यातून मिळतं काय तर कॅरेक्टर, कपडे, गाडीची बॉडी, चाकं, रंग. गाडी कुठलीही घ्या, वेग तोच. फरक पडतो तो ड्रायव्हिंगच्या प्रकाराने, आणि तुम्ही पहिल्याच दिवशी स्पीडवाला उचलला जो वळताना सगळ्यात जड, मी कोको घ्या म्हटलं तर म्हणालात मुलीचं कॅरेक्टर नको. आता याला मी काय करू.

लहान मुलांचा गेम. दिसायला कार्टून आहे, मान्य, गोष्ट पण तशीच आहे, ऑक्साइड नावाचा एलियन येतो आणि म्हणतो मला रेसमध्ये हरवा नाहीतर तुमच्या पृथ्वीचं पार्किंग करून टाकतो. (आमच्या रोडवर आधीच झालंय ते, एलियनची गरज पडली नाही.) पण मूळ गेम काढला नॉटी डॉगने, ज्यांनी पुढे अनचार्टेड आणि लास्ट ऑफ अस हे मोठ्यांचे गेम काढले, आणि नवीन काढला कॅनडातल्या बीनॉक्सने. टाइम ट्रायल (घड्याळाशी एकट्याची रेस) लावून बघा एकदा, आधी ट्रॉपी या कॅरेक्टरचं टायमिंग तोडायचं, मग ऑक्साइडचं, मग वेलोचं, आणि शेवटी बीनॉक्सवाल्यांचं स्वतःचं. आमच्याकडे इंजिनिअरिंग झालेली पोरं ऑक्साइडपाशी अडकून बसलीत.

कॉपीचं म्हणाल तर सुपर मारियो कार्ट १९९२ चा, त्याच्यानंतर कार्ट रेसिंगमध्ये जे आलं ते सगळंच त्याचं देणं लागतं, त्यात वाद नाही. फिरायला मोकळं जग, बॉसशी रेस, हे डिडी काँग रेसिंगने १९९७ मध्येच केलं होतं. पण हा तीन बूस्टवाला हिशेब क्रॅशचा स्वतःचा आहे आणि त्याच्यामुळेच पंचवीस वर्षांनी पण लोक तो जुना गेम खेळतात.

तुम्ही लिहिलंय की घरी स्विचवर मारियो कार्ट एट डिलक्स खेळतो आणि त्यात मी कधी रस्त्यावरून पडत नाही. राग मानू नका, पण त्यात स्मार्ट स्टीअरिंग म्हणून सेटिंग असतं, सुरुवातीला चालूच असतं, गाडी कडेला गेली की तेच आत ओढतं. ते चालू असताना तिसऱ्या रंगाचा बूस्ट पण लागत नाही. एकदा बंद करून बघा. इकडे तसलं काही नाही, पडलात तर मुखवटा येऊन उचलून ठेवतो आणि तोपर्यंत बाकीचे निघून गेलेले असतात.

चौघांत स्क्रीन लहान होते हा तुमचा एकच मुद्दा मला पटला, एका टीव्हीचे चार तुकडे होणारच. दोघं-दोघं खेळलात तर बरं पडेल, किंवा कोपऱ्यातला मोठा टीव्ही मागा.

पैसे परत मिळणार नाहीत, तास पूर्ण झाला, वर दहा मिनिटं मी स्वतःहून जास्त दिली होती. शनिवार-रविवार सोडून दुपारी आलात तर गर्दी नसते, पहिला अर्धा तास मी शेजारी बसून स्लाइड शिकवतो, त्याचे पैसे घेणार नाही. क्रॅश कोव्ह ट्रॅक लावू, तो सोपा आहे. आणि कोको घ्या.