लॉ लायब्ररीच्या काउंटरवर विद्यार्थी हवेतच

"कोर्टाचे निकाल सगळे ऑनलाइन मिळतात, कायदे मोबाइलवर आहेत, मग लॉ कॉलेजच्या लायब्ररीत पोरांना मानधन देऊन बसवायचं कशाला?" हा प्रश्न अलीकडे फार ऐकू येतो. शिकलेली, जबाबदार माणसं विचारतात, म्हणून त्याला नीट उत्तर द्यावंसं वाटलं. मी बेळगावात लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे. खानापूर तालुक्यातल्या गावातून रोज बसनं येते आणि तास सुटले की कॉलेजच्या लायब्ररीत काउंटरवर काम करते. पोस्ट लांबणार आहे, पण वाचा.

माझं मत आधीच सांगते. सीमाभागातल्या प्रत्येक लॉ कॉलेजनं विद्यार्थ्यांना लायब्ररीत काम द्यावं, त्याचे पैसे महिन्याच्या महिन्याला द्यावेत आणि ते काम शिक्षणात धरावं. दुसऱ्या शहरांत ही एक चांगली सोय म्हणता येईल. बेळगावात ती गरज आहे आणि त्याचं कारण आपल्या इतिहासात आहे.

आमच्या लायब्ररीत एका भिंतीला लागून जुन्या रिपोर्टची, म्हणजे कोर्टाच्या छापील निकालांची, कपाटं आहेत. आधी मुंबईचे बाउंड व्हॉल्यूम, मग म्हैसूरचे, त्यापुढं कर्नाटकचे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना कायद्यानं चंदगड तालुका वगळून अख्खा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आणि १९७३ मध्ये त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं. या तारखा आपल्याकडं लहान पोरांनाही पाठ असतात. त्यांच्यावरून मोर्चे निघालेत, माणसं तुरुंगात गेलीत, २००४ मध्ये महाराष्ट्रानं सुप्रीम कोर्टात दावाही लावलाय. पण त्याच १९५६ च्या कायद्याचं ११९ वं कलम फारसं कुणी उघडून वाचत नाही. मुलूख या राज्यातून त्या राज्यात गेला तरी तिथं आधी लागू असलेले कायदे, नवं विधिमंडळ ते बदलेपर्यंत, तसेच चालू राहतील, अशी त्यात तरतूद आहे. राज्य एका रात्रीत बदललं, कायदे बदलले नाहीत. मुंबईचा १९४८ चा कुळकायदा, १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा बेळगावात त्यानंतरही कितीतरी वर्षं लागू होते.

आता हाच कुळकायदा मोबाइलवर शोधून बघा. समोर येतो तो आजचा महाराष्ट्रातला मजकूर. नावातलं 'मुंबई' जाऊन 'महाराष्ट्र' झालेलं आणि १९५६ नंतर तिकडच्या विधिमंडळानं केलेल्या दुरुस्त्या त्यात मिसळून गेलेल्या. त्या दुरुस्त्या बेळगावला कधी लागू झाल्याच नाहीत. खानापूर किंवा हुक्केरीकडच्या एखाद्या कुळाच्या जमिनीचा जुना वाद समजून घ्यायचा, तर त्या काळी इथं लागू असलेला मजकूरच हातात पाहिजे. मग कर्नाटकचा १९६१ चा जमीन सुधारणा कायदा, त्यातली १९७४ ची मोठी दुरुस्ती, १ मार्च १९७४ ला कुळांकडच्या जमिनी सरकारकडं वर्ग होणं, असं एकेक पुढं जावं लागतं. कपाटापाशी उभं राहून हे सगळं अर्ध्या तासात दाखवता येतं. मोबाइलवर ते जुळत नाही, कारण आपल्या गावाला कुठल्या साली कुठल्या राज्याचा कायदा होता, हे विचारायला हवं, हेच माणसाला सुचत नाही. कोर्टातून धावत आलेले ज्युनिअर वकील कितीदा चुकीचा मजकूर छापून घेऊन येतात! काउंटरवरच्या पोराला हे माहीत असेल तर एखाद्या शेतकऱ्याची तारीख वाया जात नाही.

मला हे वर्गात कुणी शिकवलं नाही. संविधानाच्या पेपरात राज्य पुनर्रचना कायदा येतो तो तिसऱ्या कलमाचं उदाहरण म्हणून, दोन ओळींत. मी ते व्हॉल्यूम पुसून जागेवर लावताना शिकले. मुंबईची रांग आपल्यापुरती कुठं थांबते आणि म्हैसूरची कुठं सुरू होते, हे हातानं लावल्याशिवाय डोक्यात बसत नाही.

बाकी कामही लोकांना वाटतं त्यापेक्षा बरंच आहे. रिपोर्टचे सुटे अंक येतात, ते क्रमानं आलेत का बघायचं, मधला एखादा गळाला असेल तर प्रकाशकाला कळवायचं, वर्ष पूर्ण झालं की गठ्ठा बाइंडिंगला पाठवायचा. परीक्षा जवळ आली की काही जण पानं ब्लेडनं कापून नेतात, तेव्हा प्रत्येक परत आलेलं पुस्तक चाळून घ्यावं लागतं. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. जून ते सप्टेंबर भिंती ओल धरतात, कागदाला बुरशी आणि कसर लागते, जुनी पानं चिकटून बसतात. आणि चुकीच्या कप्प्यात ठेवलेलं पुस्तक हे हरवलेलंच पुस्तक, म्हणून रोज थोडी रांग तपासायचीच. ग्रंथालयशास्त्राचे रंगनाथन यांनी १९३१ मध्ये पाच सूत्रं मांडली, त्यातलं चौथं आहे वाचकाचा वेळ वाचवा. ते सूत्र पाळायला माणूस लागतो.

१ जुलै २०२४ नंतर तर हे फारच जाणवलं. त्या दिवसापासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम हे नवे फौजदारी कायदे जुन्यांच्या जागी लागू झाले. खुनाचं ३०२ आता १०३ झालं, फसवणुकीचं ४२० आता ३१८ मध्ये गेलं. बऱ्याच जणांना वाटलं, आता आयपीसीची, म्हणजे जुन्या दंडसंहितेची, पुस्तकं रद्दीत. तसं करून चालणार नाही. १ जुलै २०२४ च्या आधी घडलेल्या गुन्ह्याला जुनाच दंडसंहिता कायदा लागतो, आणि घडला तेव्हा जे कृत्य गुन्हा नव्हतं त्याला मागाहून शिक्षा नाही, घडला त्या वेळच्या शिक्षेपेक्षा जास्त शिक्षा नाही, हे संविधानाच्या २० व्या कलमानंच सांगितलंय. आपल्या कोर्टातले खटले किती वर्षं चालतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे १८६० ची आणि २०२३ ची अशी दोन्ही पुस्तकं पुढची कितीतरी वर्षं शेजारी-शेजारी ठेवावी लागणार. आम्ही काउंटरवर जुन्या-नव्या कलमांचा तक्ता लावलाय. पण पहिल्या वर्षाच्या पोराला तक्ता पुरत नाही. "घटना कधीची आहे?" हा प्रश्न आधी विचारायचा, हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं. मी ते शंभर वेळा सांगायला तयार आहे, कारण उद्या हाच पोरगा कुणाचं तरी वकीलपत्र घेणार आहे.

आता माणसांबद्दल. लॉ कॉलेजची लायब्ररी विद्यार्थ्यांसाठी असते हे खरं, पण गावात बातमी फिरते. "आमच्या गल्लीतली पोरगी तिथं असते" म्हणून कुणीतरी कागदांची पिशवी घेऊन दारात येतं. "बाळ, ह्यातलं आम्हाला काय कळत नाही बघ." असं एखादी मावशी म्हणते तेव्हा पोटात कालवतं. मला तिला सल्ला देता येत नाही. १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स कायद्यानं वकिली करण्याचा हक्क सनद घेतलेल्यालाच आहे आणि ते बरोबरच आहे. अर्धवट माहितीवर दिलेल्या सल्ल्यानं घर बसतं. पण मी तिला एवढं सांगू शकते की बाई म्हणून, उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या १२ व्या कलमाखाली तुम्हाला मोफत वकील मागता येतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस कोर्टात आहे, आणि १५१०० हा नंबर लिहून घ्या. एवढ्यावरच पुष्कळ बायका पहिल्यांदा कोर्टाची पायरी न घाबरता चढतात. हा नंबर तुमच्याही घरात लिहून ठेवा.

सगळ्यात जास्त विचारणा कशाची होते? बापाच्या जमिनीत मुलीच्या हिश्श्याची. कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्ही राज्यांनी १९९४ मध्ये हिंदू वारसा कायद्यात आपापली दुरुस्ती करून मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत हक्क दिला होता, पुढं २००५ मध्ये केंद्राची दुरुस्ती आली आणि २०२० मध्ये विनिता शर्मा खटल्यात सुप्रीम कोर्टानं हा हक्क जन्मानंच मिळतो, २००५ ची दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, असं सांगितलं. ज्या घराची थोडी जमीन बेळगावात आणि थोडी महाराष्ट्रातल्या चंदगडात आहे, अशी घरं आपल्याकडं गावोगाव आहेत. तिथल्या मुली हे वाचायला येतात तेव्हा हळू आवाजात विचारतात. कुणी घटस्फोटाचं पुस्तक मागतं, कुणी २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा. कोण काय वाचून गेलं हे काउंटरच्या बाहेर जाता कामा नये. बेळगाव शहर मोठं झालं तरी ओळखीपाळखी गावासारख्याच आहेत. ही शिस्त मी लायब्ररीत शिकले आणि अशिलाची गोष्ट पोटात ठेवायची पहिली शिकवण मला तिथंच मिळाली.

भाषेचंही तसंच. पेपर मी इंग्रजीत लिहिते, ऑफिसचे कागद कन्नडमध्ये वाचते, घरी मराठी बोलते. सीमाभागातल्या हजारो मुलांचं हेच आहे, आणि मला तो अभिमानाचा भाग वाटतो. मराठी माध्यमातून बारावी झालेलं पोरगं पहिल्या सेमिस्टरला इंग्रजी निकाल बघून हबकतं. त्याच्यासमोर मी संविधानाची मराठी आवृत्ती आणि महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश ठेवते. कन्नड माध्यमाच्या मैत्रिणीला कन्नड पुस्तक काढून देते. सुप्रीम कोर्टाचे निकाल २०२३ पासून ई-एससीआर या त्याच कोर्टाच्या पोर्टलवर फुकट मिळतात, मराठी आणि कन्नड भाषांतरंही येतात, ती फार मोलाची आहेत. मात्र दाखला द्यायचा तर इंग्रजी मजकूरच ग्राह्य, हेही सांगावं लागतं. भाषेवरून रस्त्यावर जे व्हायचं ते होवो, काउंटरवर तिन्ही भाषांची माणसं एकाच टेबलाशी बसतात आणि त्यांना तिन्ही भाषा येणारं कुणीतरी समोर लागतं. असं माणूस विद्यार्थ्यांतूनच मिळेल.

आता पैशाचं. 'कमवा आणि शिका' ही कल्पना आपल्या मराठी मुलखात कर्मवीर भाऊराव पाटलांनी रुजवली. त्यात उपकार नव्हता, कामाची इज्जत होती. आज काही ठिकाणी नेमकं उलटं चाललंय. माझ्या ओळखीच्या एका मुलीला तिच्या कॉलेजात टर्म संपली तरी मानधन मिळालं नाही, आणि मागायला गेली तर "शिकायला मिळतंय ना" असं ऐकवलं. हे मला अजिबात मान्य नाही. ज्याच्या घरी शेतावर एक हात कमी करून मुलगी शिकायला पाठवलीय, त्या घराला महिन्याला येणारे ते थोडे पैसे म्हणजे परीक्षेची फी असते, नुसता कायद्याचा मजकूर छापलेले बेअर अ‍ॅक्ट असतात. फुकट राबवायचं ठरलं तर हे काम फक्त बऱ्या घरची पोरं करतील आणि खेड्यातली पोरं शिकण्याच्या या जागेपासूनही बाजूला पडतील.

दुसरी गोष्ट. वकिलांची शिखर संस्था असलेल्या बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत पाच वर्षांच्या कोर्सला किमान २० आठवडे आणि तीन वर्षांच्या कोर्सला १२ आठवडे इंटर्नशिप सांगितलीय. वकील, न्यायालयं, कंपन्या, स्वयंसेवी संस्था, स्थानिक स्वराज्य संस्था अशी तिथं यादी आहे. लॉ लायब्ररीतलं काम त्यात धरत नाहीत. एखाद्या ऑफिसात चार आठवडे झेरॉक्स काढून प्रमाणपत्र आणलेलं चालतं आणि वर्षभर रिपोर्ट हाताळलेलं चालत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. निदान काही आठवडे तरी धरावेत, अशी मागणी विद्यार्थ्यांनी लेखी करायला हवी. मी अर्जाचा मसुदा तयार केलाय, हवा असेल त्यांना पाठवते.

आणि वेळ. लायब्ररी वर्गांच्या वेळेतच उघडी ठेवून उपयोग नाही, ती संध्याकाळी हवी. पण संध्याकाळची पाळी लावताना बसचं वेळापत्रक समोर ठेवा. जून २०२३ पासून शक्ती योजनेमुळं कर्नाटकातल्या आम्हा मुलींना साध्या बसला तिकीट लागत नाही, त्यामुळं जांबोटी, नंदगडकडच्या कितीतरी मुली बेळगावात शिकायला येऊ शकतात. चंदगडहून येणाऱ्या मैत्रिणीला मात्र ते लागू नाही, तिला रोज तिकीट काढावं लागतं, तर मानधन ठरवताना तिचाही विचार व्हावा. पावसाळ्यात खेड्यातल्या मुलींना शेवटच्या बसच्या आधी सोडा आणि शहरात राहणाऱ्यांना उशिराची पाळी द्या. आमच्या ग्रंथपाल मॅडम तसंच करतात आणि काउंटर एक दिवसही रिकामं राहिलेलं नाही.

कुठल्या कॉलेजात विद्यार्थ्यांची ही कामं बंद करायचं चाललंय आणि कुठं मानधन थकलंय, हे कळलं तर मला मेसेज करा. नावं बाहेर जाणार नाहीत. सगळ्यांचं एकत्र निवेदन करून जुलैमध्ये द्यायचा विचार आहे.