नाताळ उसनवारीवर नको

डिसेंबर लागला की आपल्या मंडळीत विषय निघतोच, यंदा नाताळचं कसं जमायचं? पगार लांबलेला, शाळेची फी डोक्यावर, आणि मुलांना नवे कपडे तर हवेतच. मग कुणी भिशी आधी उचलतं, कुणी सोनं गहाण टाकतं. मला हे बघवत नाही. तारणाऱ्याच्या जन्माचा सण आणि पुढे उन्हाळ्यापर्यंत हप्ते फेडायचे? कर्ज काढून नाताळ करूच नये, असं माझं ठाम मत आहे.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय आपण दरवर्षी ऐकतो, पण मेंढपाळांपाशीच थांबतो. पुढे वाचा. बाळ येशूला यरुशलेमच्या मंदिरात नेलं तेव्हा अर्पणासाठी पाखरांची जोडी होती. जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात अशा अर्पणाचा नियम कोकराचा आहे. ज्याची तेवढी ऐपत नाही त्याने दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्लं आणावीत. मरीया आणि योसेफ यांनी गरिबाचं अर्पण दिलं, तेही भर मंदिरात. हे कळल्यापासून जुन्या साडीत उपासनेला जायला मला कधी अवघड वाटलं नाही.

ह्यांचं काम सुटलं त्या वर्षी आम्ही 1 डिसेंबरपासून रोज रात्री लूकचा एक अध्याय वाचायला लागलो. अध्याय 24, म्हणजे 24 तारखेला शुभवर्तमान पुरं होतं. मुलं आळीपाळीने वाचतात. तिसऱ्या अध्यायातली वंशावळ कुणाच्या वाट्याला येणार यावर भांडणं होतात, होऊ देत.

गव्हाणी, म्हणजे येशूजन्माचा देखावा, विकत आणत नाही. दिवाळीचा किल्ला मोडताना चित्रं धुऊन ठेवतो. शेतकरी आणि गवळी मेंढपाळ होतात, गाय तर लागतेच. पुठ्ठ्याचा गोठा, भोवती माती, तिच्यात मोहरी पेरायची; आठवड्याभरात हिरवंगार होतं. मरीया, योसेफ आणि बाळ तेवढे मुलांनी शाडूचे केलेत. बाळाला 24 च्या रात्रीपर्यंत कुणी हात लावायचा नाही, हा धाकटीचा कायदा.

केक रवा-दह्याचा, कुकरमध्ये. तळाला मीठ, शिट्टी आणि रिंग काढलेली, मंद आचेवर पाऊण तास. करंज्या शेजारणींबरोबर बसून. एक लाटते, एक भरते, तेल सगळ्यांत मिळून. संध्याकाळी मुलांना घेऊन पायी गव्हाण्या बघत फिरायचं, पुण्यातल्या क्वार्टर गेटच्या सिटी चर्चपासून पंचहौद चर्चपर्यंत. सिटी चर्चची जागा 1792 साली सवाई माधवराव पेशव्यांनी फौजेतल्या ख्रिस्ती सैनिकांसाठी दिली होती, हे पुण्यातल्या प्रत्येक ख्रिस्ती मुलाला माहीत असायला हवं.

कपडे, भेटी, लायटिंग, सगळ्याला कात्री लावा. पण दुसऱ्याच्या ताटाला लावू नका. फराळाची ताटं शेजारी जायलाच हवीत, मग त्यात चारच करंज्या का असेनात. आणि दुपारच्या जेवणाला एकटं राहणारं कुणीतरी हवंच: होस्टेलवरचं पोर, विधवा आजी. भात-रस्सा वाढवता येतो.

पाळकांना आणि चर्चच्या पंचांनाही हात जोडून विनंती आहे, मुलांच्या कार्यक्रमासाठी ड्रेसचा कंपल्सरी सेट ठेवू नका. त्या खर्चापायी काही मुलं त्या दिवशी चर्चला येतच नाहीत.

थोरलीचा मागच्या नाताळचा लाल फ्रॉक धुऊन, इस्त्री करून ठेवलाय. सात-आठ वर्षांच्या मुलीला बसेल. हवा असेल त्यांनी मेसेज करा, घरी आणून देईन.